सार्डिनियातले 'लपवलेले राक्षसी सांगाडे': आता पुरे

मेघना_तोरिनो:
ग्रुपवर फिरतेय ती पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या 'राक्षसांच्या थडग्यां'त चार मीटरचे सांगाडे निघाले आणि म्युझियमवाल्यांनी ते गायब केले. अहो, राक्षसांचं हे नाव गावकऱ्यांनी दिलंय, थडगी लांबच लांब म्हणून. त्यातल्याच कोड्डू वेक्यू ह्या थडग्याची दर्शनी शिळा 4 मीटरची आहे खरी, पण तिच्या पायाशी असलेल्या दारातून आपल्यालाही रांगतच जावं लागेल, राक्षस शिरणार कसा? आत दगडी बोळ, त्यात पिढ्यान्‌पिढ्या अख्ख्या वस्तीचे मृतदेह एकत्र ठेवलेले, माणसं आपल्याच उंचीची. इ.स.पू. 1800 च्या आसपास ज्यांनी ह्या शिळा ओढून आणल्या त्यांचं श्रेय राक्षसांना का द्यायचं?

भटक्या_सातारकर:
सांगाडे खोटे असतील, पण 'लपवलं' असं लोक उगाच म्हणत नाहीत. सार्डिनियातल्याच मोन्ते प्रामाचे प्राचीन दगडी पुतळे 1974 ला शेतात नांगरताना सापडले, माणसाहून उंच, आणि तुकडे तीसेक वर्षं गोदामात! मग विश्वास कोण ठेवणार?

मेघना_तोरिनो:
उशीर अक्षम्य होता, मान्य. पण ते दगडी पुतळे आहेत, हाडं नव्हेत, आणि उत्खननाची माहिती छापून आलेली होती. ह्याला लपवणं म्हणत नाहीत.

सुनंदा_पुणे:
आम्ही सार्डिनियात पालाऊजवळ ली मिझ्झानीला, अशाच एका राक्षसांच्या थडग्याला, गेलो होतो, आमच्या ह्यांची कंबर धरली होती, तिथल्या शिळेला टेकून बसले आणि संध्याकाळी तरातरा चालले. ऊर्जा आहे तिथे. ॲरिस्टॉटलनेही सार्डिनियात वीरांपाशी झोपणाऱ्यांबद्दल लिहिलंय.

मेघना_तोरिनो:
काकू, तो तिथे काळाबद्दल बोलतोय, झोपलेल्याला मधला वेळ गेलेला कळत नाही एवढंच. कंबरेचा काही संबंध नाही.

सुनंदा_पुणे:
तुम्हाला नसेल पटत. मी डोळ्यांनी पाहिलंय.

वैदर्भी_माणूस:
इटलीचं सगळ्यांना पाठ, पण नागपूरजवळ काटोल रोडला जुनापाणीची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं, आहेत ती किती जणांनी पाहिली? नागपूरजवळच्याच माहूरझरीला अशा दफनात घोडे सापडले, त्यांच्या अंगावरचे तांब्याचे दागिने सापडले, आणि आमच्या गावच्या शिवारातल्या वर्तुळाचे दगड एका ठेकेदाराने गिट्टीसाठी उचलून नेले, माझे वडील अर्ज घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिले, कुणी ढुंकून पाहिलं नाही.

भटक्या_सातारकर:
दरवेळी विदर्भ! विषय सार्डिनिया आहे, आणि तुमचं ते लोहयुग, काळच वेगळा.

वैदर्भी_माणूस:
काळ वेगळा म्हणून दगड फोडायचे का? दरवेळी बोलायची वेळ कुणी आणली?

मेघना_तोरिनो:
त्यांना बोलू द्या. सार्डिनियातल्या 'दोमुस दे यानास', म्हणजे खडकात कोरलेली थडगी, 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. विदर्भातल्या वर्तुळांना साधं कुंपण तरी सगळीकडे आहे का?

भटक्या_सातारकर:
बरं, सांगाड्यांची पोस्ट काढायला मी ॲडमिनला सांगतो. पण गोदामातल्या तीस वर्षांचा मुद्दा सोडणार नाही.

वैदर्भी_माणूस:
आणि मी गिट्टीचा.