बटण दाबायच्या आधीच फोटो निघतोय, मग फोटोग्राफर कशाला पायजे?

खानापूरकर
परवा आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघायला गेलतो, सोबत मित्र, त्याच्या गळ्यात भाड्यानं आणलेला सोनी ए9 थ्री कॅमेरा. शेवटच्या जोडीत एकजण उचलून आपटला गेला आणि आमच्या मित्रानं बटण दाबलं तोवर उडालेली माती खाली बसायलेली, मी म्हटलं गेला फोटो. तर स्क्रीनवर पहिलवान अजून हवेत! प्री-कॅप्चर म्हणे. बटण अर्धं दाबून धरायचं, कॅमेरा आतल्या आत फ्रेमा घेत राहतो, पूर्ण दाबलं की मागच्या एका सेकंदापर्यंतच्या सेव्ह होतात. आता हा फोटो मित्राचा म्हणायचा की सोनीचा? मला तर ही चीटिंग वाटते, स्पष्ट सांगतो.

शहापूरचा फ्लॅशवाला
होय की, तुला वाटणारच, तुला यावर पोट भरायचं नाही. लग्नात शेवटचं सावधान झालं, अंतरपाट सरकला की नवरा-नवरी पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात ते अर्धा सेकंद, वरून अक्षता, आणि नेमका त्याच वेळी मुलीचा मामा मोबाईल धरून माझ्यापुढं आडवा. एकदा हुकला तो फोटो, अल्बमचे राहिलेले पैसे सहा महिने दिले नाहीत लोकांनी. चीटिंग म्हण नाहीतर काय म्हण, मला असला कॅमेरा पायजे.

निपाणीचा रॉ
हे नवीन नाही ओ. ऑलिंपसनं 2016 लाच त्यांच्या ई-एम1 मार्क टू कॅमेऱ्याला हेच प्रो कॅप्चर नावानं दिलंय, पक्षी काढणारे तेव्हापासून वापरायलेत. ए9 थ्रीत नवीन आहे ते ग्लोबल शटर, फुल फ्रेममध्ये, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत पहिलाच, नोव्हेंबर 2023 ला जाहीर झाला. बाकीच्यांत सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, ओळीओळीनं वाचला जातो, म्हणून बिनआवाजाच्या सायलेंट मोडवर स्टेजमागची एलईडी वॉल आली की फोटोत पट्टे पडतात. ह्यात सगळा सेन्सर एकदम वाचला जातो. सेकंदाला 120 फोटो, तेपण रॉ, म्हणजे सेन्सरचा सगळा कच्चा डेटा ठेवून. पण फुकट काही नाही, बेस आयएसओच, म्हणजे प्रकाश टिपायची मूळ सेटिंगच 250, अंधारात नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे जरा जास्त, आणि 120 वर दोन सेकंदांच्या आत बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी फुल्ल. भाव अमेरिकेतच 5,999 डॉलर होता, म्हणजे पाच लाखाच्या आसपास. फ्लॅशवाले, आधी मामाला बाजूला बसवा, स्वस्तात पडेल.

शहापूरचा फ्लॅशवाला
😂 मामाला बाजूला बसवून दाखवाच तुम्ही. पण पट्ट्यांचं शंभर टक्के खरं, मागच्या सीझनला नवरीच्या तोंडावरनं झेब्रा गेलता.

खानापूरकर
पट्टे गेले तर आनंदच आहे, ग्लोबल शटरशी माझं भांडण नाही. मी बोलतोय बोटाबद्दल. हलगी कडाडायला लागली, एकानं पकड बदलली की आपलं बोट आपोआप जायचं, ते यायला दहा-बारा वर्षं आखाड्याच्या कडेला माती खाल्लीय मी. दहा कुस्त्यांत दोन फोटो मिळायचे पण ते दोन माझे असायचे. आता बोट झोपेत असलं तरी चालतंय.

शहापूरचा फ्लॅशवाला
झोपेत कसं? कुठं उभं राहायचं, कुणावर फोकस धरायचा ते कोण ठरवतं, सोनी? आणि काढलेल्यातले निवडतं कोण? एका लग्नाचे आठ-नऊ हजार फोटो घेऊन माझी बायको रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसते, तिला येऊन सांग की हे काम आपोआप होतं म्हणून, चहापण मिळायचा नाही.

तालीमवाला
तुमचं चालू द्या, मी जरा आतल्या बाजूनं सांगतो. पकड बदललेली कडेवरून दिसते म्हणताय, आत असताना आम्हालाच कळत नाही पाठ कधी टेकली. एकदा गावच्या मैदानात मला चितपट दिलं, मी आजपण सांगतो टेकली नव्हती, घरातलेसुद्धा हसतात. तेव्हा फोटोवाला होता, त्याचा फोटो मी उठून उभा राहिल्यावरचा. असला कॅमेरा असता तर एका बाजूचं तोंड तरी बंद झालं असतं. फोटो कुणाचा याच्याशी मला काय करायचंय?

खानापूरकर
हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता आला, कबूल. तरीपण त्याला मी पुरावा म्हणेन, फोटो नाही म्हणणार.

तालीमवाला
पुरावा म्हणा की. परवाच्या त्या जोडीच्या सगळ्या फ्रेमा आहेत का मित्राकडं? उजवा खांदा आधी टेकला की डावा ते झूम करून सांगा, इथं तालमीत पैज लागलीय.