सल्ला हवा: सायलेन्सरचा नट जाम, कोपरेही गोल झालेत

खाडीवारा (ऐरोली): बाबांची २००४ची स्प्लेंडर आहे. इंजिनच्या हेडजवळ (वरच्या भागाजवळ) सायलेन्सरमधून फटफट आवाज येतोय, म्हणून तिथल्या सांध्यातली गॅस्केट (सील करणारी रिंग) बदलायला सोसायटीच्या पार्किंगमध्येच बसलो. दोनपैकी एक नट निघाला. दुसऱ्यावरून फिक्स पाना दोनदा घसरला, कोपरे गोल झाले आणि बोटंही सोलली. डब्ल्यूडी-४० मारून दहा मिनिटं थांबलो, काही फरक नाही. खाडीची हवा, त्यात गाडी चार पावसाळे उघड्यावर. वॉचमन म्हणतो पान्याला पाइप लावा. लावू का? की गॅसच्या टॉर्चने तापवू?

ग्रीसकाका (वागळे इस्टेट): पाइप लांब ठेवा. तो नट ज्या स्टडवर (हेडमध्ये बसवलेल्या आट्यांच्या दांड्यावर) आहे तो पोलादाचा, हेड ॲल्युमिनियमचं. पाइप लावलात तर नट सुटायच्या आधी स्टड तुटेल. आधी एक सांगा, सायलेन्सरचा मागचा बोल्ट काढलाय का?

खाडीवारा: हो काका, तो सगळ्यात आधी काढला.

ग्रीसकाका: मग सगळं वजन त्या एका स्टडवर लटकतंय, तिरकं. नट कसा सुटेल? मागचा बोल्ट परत लावा, काढलेला नटही हाताने बसवून हलका कसा. फ्लॅंज (नटांखालची पट्टी) सरळ झाला की अर्धं भांडण मिटतं.

मग तारेच्या ब्रशने उघडे आटे घासा. आत झिरपणारं गंजाचं तेल मारा. डब्ल्यूडी म्हणजे मुळात पाणी हटवणारं, गंजासाठी खास वेगळं तेल मिळतं. दहा मिनिटं कसली, रात्रभर ठेवा. मधूनमधून नटावर हातोडीने हलके ठोके द्या. सकाळी सहा पैलूंची गोटी (सॉकेट) घाला. बारा पैलूंची नको, ती कोपऱ्यांवरच चालते आणि उरलेलेही खाते. पाना आपल्याकडे ओढायचा, ढकलायचा नाही. घसरला तर बोटं इंजिनच्या फिनवर (थंडाव्याच्या पात्यांवर) आपटतात. किंचित हलला की जोर नाही करायचा. पाव आटा मागे, पाव पुढे, परत तेल.

टॉमीपाना (कोपरी): तापवण्याबद्दल मी सांगतो, कारण माझ्या भुवया त्यात गेल्या आहेत. तेलाचा स्प्रे मारला आणि लगेच टॉर्च पेटवला. तेल जळतं, डब्यातला गॅससुद्धा. शिवाय कार्ब्युरेटर वीतभर अंतरावर. टॉर्च विसरा. दोन्ही नट लागलेले असताना इंजिन मोकळ्या जागेत तीन-चार मिनिटं चालवा, बंद करा, चामडी हातमोजे घालून प्रयत्न करा. तेवढी ऊब पुरते.

रविवार_मेकॅनिक (सानपाडा): पण हाच नियम स्पार्क प्लगला लावू नका! प्लग थंड इंजिनवरच. गरम हेडमधून काढताना आटे सोबत येतात. माझे आलेत.

खाडीवारा: आणि गोटीही घसरली तर?

ग्रीसकाका: नट कापायचा. नट काही रुपयांचा, हेड नाही. एका पैलूवर ड्रिलने भोक पाडा, छिन्नीने फोडा, डोळ्यांना चष्मा लावून. स्टड तुटलाच तर इझी-आउट (तुटका स्टड काढायचा उलट्या आट्यांचा स्क्रू) घेऊन बसू नका. तो कडक पोलादाचा, आत मोडला की साधं ड्रिल त्याला लागत नाही. इथे वागळेला वेल्डर तुटक्या स्टडवर नट वेल्ड करून पान्याने काढून देतात. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर सोडा, टाकी उतरवा.

टॉमीपाना: आणि कोणत्या दिशेला फिरवताय ते नटाच्या तोंडाकडून बघा. खाली वाकून उलट्या बाजूने हात घातला की डावं-उजवं बदलतं. मी एकदा अर्धा तास नट कसतच होतो.

खाडीवारा (दोन दिवसांनी): निघाला! पण नट सुटला नाही, स्टडच हेडमधून बाहेर आला. बिघडलं का?

ग्रीसकाका: छे, लॉटरी लागली. भोकातले आटे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) हातानेच साफ करा, पोर्टमध्ये (हेडच्या धूर बाहेर पडायच्या तोंडात) चिंधी कोंबून, कचरा आत जायला नको. नवा स्टड बोटांनी फिरला पाहिजे. आडवा शिरतोय वाटलं तर थांबा. नटांना कॉपर ग्रीस लावा, दोन्ही थोडे-थोडे आळीपाळीने कसा.

खाडीवारा: स्टड मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन आणतो. चिंधी कोंबलीय. ती काढायची राहू नये म्हणून किकवर चिठ्ठी चिकटवलीय.

रविवार_मेकॅनिक: सेल्फ-स्टार्ट असेल तर तिथेही चिकटवा. विचारू नका का.