उपचार संपतात, मग पुढे काय?

"रानात तंबू ठोकून व्यसन सुटत असेल तर दवाखाने कशाला?" हा प्रश्न कुणीतरी विचारलेला वाचला. मला तो उलटा विचारावासा वाटतो: दवाखान्यातून घरी आल्यावर काय?

कॅनडात लॅब्राडोरच्या किनाऱ्याजवळ इनू या आदिवासी लोकांचं डेव्हिस इन्लेट हे गाव होतं. १९९३ साली तिथली मुलं नशेसाठी पेट्रोल हुंगत असल्याची चित्रफीत जगभर गाजली. मग काही मुलांना पार अल्बर्टात, हजारो किलोमीटरवर उपचारांना नेलं. परतल्यावर त्यांतली बरीच पुन्हा हुंगायला लागली. लागणारच ना! घर तेच, सोबती तेच, बहुतेक घरांत नळाचं पाणीही नाही.

मुळात हे कॅरिबूंच्या (रेनडिअर हरणांच्या) कळपांमागे फिरणारे लोक. १९६७ मध्ये त्यांना बेटावरच्या या डेव्हिस इन्लेटमध्ये वसवलं. समुद्र गोठताना आणि बर्फ फुटताना तिथून शिकारीला निघणंच अशक्य. २००२-०३ मध्ये गाव मुख्य भूमीवर, नातुआशिशला हलवलं. पक्की घरं मिळाली, व्यसन मात्र सोबत आलं.

म्हणून उपचारांनंतर ‘नुत्शिमित’मध्ये तंबू ठोकून राहणं. आपण नुत्शिमितला रान म्हणू, पण त्यांच्या लेखी ते घरच. फांद्या अंथरलेला तंबू, पत्र्याची शेगडी, आजोबांसोबत जाळी टाकणं, कानावर सतत आपली भाषा. शिवाय तिथं कोपऱ्यावर दारूचं दुकान नसतं, हेही कमी नाही!

डॉक्टर लागतातच, पेट्रोलच्या वाफेनं मेंदूला इजा होते, ती काही तंबूत भरून येत नाही. पण ‘आफ्टरकेअर’, म्हणजे उपचारांनंतरची काळजी, म्हणजे नुसतं महिन्यातून एकदा फोन करून "बरं आहे ना?" विचारणं, हे मला तरी पटत नाही.