घरच्या मिलिंग मशीनला सर्वो: ४०० वॅट की ७५०?

धायरीचा_फिटर:
नमस्कार मंडळी. धायरीला घरामागच्या शेडमध्ये संगणकावर चालणारं मिलिंग मशीन बांधतोय, अक्षांना सर्वो, म्हणजे स्वतःची जागा मोजत फिरणाऱ्या मोटरी, लावायच्यात. बेड आणि कॉलम बिडाचे, भोसरीच्या भंगारातून उचललेले. गाइडच्या बैठका स्क्रेप करून झाल्या. एक्सचा प्रवास ४०० मिमी, वायचा २५०, झेडचा ३००. तिन्ही बॉलस्क्रू (अक्ष सरकवणारे, नटात गोळ्या असलेले आटेदार दांडे) २५ मिमी व्यासाचे, ५ मिमी पिचचे, म्हणजे फेऱ्याला ५ मिमी सरक. एक्सचा ७०० मिमी लांब. टेबल, व्हाइस, जॉब मिळून ६० किलो धरलेत. काम बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचं, अधूनमधून ईएन८ पोलाद. सप्लाय सिंगल फेज. कंट्रोल लिनक्ससीएनसी (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), जुन्या पीसीच्या पॅरलल पोर्टवरून.
मोटर ४०० वॅटची घेऊ की ७५० ची? दुकानदार म्हणतो, मोठी घ्या, जोर जास्त मिळेल. झेडला ब्रेक लागेलच का?

कोथरूड_वर्कशॉप:
क्लोज्ड लूप स्टेपरचाही (पायरीपायरीने फिरणारी मोटर, जागा मोजणाऱ्या एन्कोडरसकट) विचार करा, स्वस्तात होतं. माझ्या राउटरवर छान चालतात. फक्त हजार आरपीएमच्या वर टॉर्क बराच उतरतो.

भोसरी_मेंटेनन्स:
फिटर दादा, मी एमआयडीसीत मशीन दुरुस्तीचं काम करतो, सर्वो रोज हाताखालून जातात. जोरासाठी ७५० घेऊ नका. घ्यायचीच तर रोटरच्या (मोटरच्या आतल्या फिरत्या भागाच्या) इनर्शियासाठी, म्हणजे वेग बदलायला होणाऱ्या विरोधासाठी घ्या.

आधी जोर बघू. ४०० वॅटच्या ३००० आरपीएम मोटरचा टॉर्क १.२७ न्यूटन-मीटर. ५ मिमी पिचवर, ९० टक्के कार्यक्षमता धरून, टेबलाला साधारण १४५ किलोचा सलग ढकल मिळतो, आणि क्षणभर त्याच्या दुपटीहून जास्त. १० मिमीच्या एंडमिलला घरच्या मशीनवर एवढा देण्याची वेळ येत नाही. वेगही ३००० गुणिले ५ म्हणजे मिनिटाला १५ मीटर. घरी तेवढा लागतो कुठे?

आता इनर्शिया. तुमच्या ६० किलोच्या टेबलाचा मोटरला जाणवणारा इनर्शिया ०.४ किलो-सेंमी वर्ग. आणि एकट्या स्क्रूचा? २.१! टेबलाच्या पाचपट. लोक टेबलाच्या वजनाची काळजी करत बसतात, आणि खरा भार हा गोल फिरणारा दांडा असतो. लो-इनर्शिया ४०० वॅटच्या मोटरचा रोटर ०.३ च्या आसपास, म्हणजे भार भागिले रोटर हे गुणोत्तर आठ-नऊ. ७५० चा रोटर १.१ च्या आसपास, गुणोत्तर सव्वादोन. कंपन्या कॅटलॉगमध्ये १५ किंवा त्याहून जास्तही चालतं म्हणतात, पण मिलिंगला मी पाचच्या आत ठेवतो. वर गेलं की गेन (चूक दुरुस्त करण्याची तीव्रता) वाढवता येत नाही, मशीन गुणगुणायला लागतं आणि गोल पॉकेटच्या (खोदलेल्या खळग्याच्या) चार बिंदूंवर, जिथे अक्ष दिशा बदलतो, तिथे खूण उमटते.

स्क्रूचा इनर्शिया व्यासाच्या चौथ्या घातावर जातो. २० मिमीचा स्क्रू घेतला असता तर २.१ चे ०.८६ झाले असते आणि ४०० वॅट मजेत चालली असती. स्क्रू आलेच आहेत, तेव्हा एक्स-वायला ७५० घ्या, नाहीतर हाय-इनर्शिया ४०० मिळते का विचारा. ती ६० मिमीच्याच फ्लँजमध्ये (मोटर बसवायच्या चौकोनी तोंडात) येते. ७५० ला ८० मिमी फ्लँज लागेल, मोटर माउंट कापायच्या आधी ते ठरवा. दोन्हीचे ड्राइव्ह (मोटरला वीज देऊन चालवणारे डबे) सिंगल फेजवर चालतात.

झेडला ब्रेक हवाच. बॉलस्क्रू स्वतःहून अडत नाही. इमर्जन्सी दाबली, ड्राइव्ह सुटला, की हेड कटरसकट खाली जॉबवर येतं. पण हा ब्रेक फक्त धरायला असतो, पळता अक्ष थांबवायला नाही. ड्राइव्हच्या ब्रेक आउटपुटवरून रिले, रिलेवरून २४ व्होल्ट, कॉइलवर उलटा डायोड. वीज दिली की मोटरमधून ‘टक’ आवाज येतो आणि शाफ्ट हाताने फिरतो. हेड बसवायच्या आधी टेबलावरच हे बघून घ्या.

आणि पॅरलल पोर्ट सोडा. पल्सला (पीसीने ड्राइव्हला दिलेल्या एका ठोक्याला) एक मायक्रॉन धरला, म्हणजे फेऱ्याला ५००० पल्स, तर पोर्टच्या २५ किलोहर्ट्झला मिनिटाला दीड मीटरच मिळतात. १५ मीटरची मोटर घेऊन दीड मीटरने चालवायची, जिवावर येतं. मेसाचं कार्ड (पल्स स्वतःच वेगाने काढणारं) घ्या, मोटरीच्या आधी.

धायरीचा_फिटर:
काका, मनापासून आभार. स्क्रूचा हिशेब डोक्यातच नव्हता. स्पिंडलला व्हीएफडी (त्याचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आहे, त्याचा त्रास होईल का? आणि जुने जपानी सेट मिळतायत, ते घेऊ का?

भोसरी_मेंटेनन्स:
व्हीएफडीचा त्रास होतो. नऱ्ह्याच्या एका शेडमध्ये स्पिंडल सुरू केला की लगेच एन्कोडरचा अलार्म यायचा. सगळे ड्राइव्ह बदलायला निघाले होते. केबल चेन उघडली तर एन्कोडरची वायर आणि स्पिंडलची वायर एकाच टायने बांधलेली. मधे पट्टी घालून दोन्ही वेगळ्या केल्या, स्पिंडलला शील्डेड केबल घालून शील्ड अर्थ केलं, अलार्म बंद. पल्सला डिफरेन्शियल सिग्नल (दोन तारांवर एकमेकांच्या उलट जाणारा) वापरा, ओपन कलेक्टर (एकाच तारेवरचा) नको. ड्राइव्हला फिल्टर लावलात तर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (अर्थकडे गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होऊ शकतो, तरी अर्थ काढून टाकू नका.

जुना सेट घेताना मोटर आणि ड्राइव्ह जोडीनेच घ्या, एन्कोडर केबल कनेक्टरसकट. कापलेली केबल असेल तर कनेक्टर शोधण्यातच दिवस जातात. ड्राइव्हची पाटी वाचा: जपानी छोट्या ड्राइव्हमध्ये १०० व्होल्टचेही येतात, आपल्या २३० वर ते क्षणात जातात. मागचं एन्कोडरचं झाकण उघडलेलं दिसलं तर घेऊ नका, अलाइनमेंट गेलेली असू शकते.

पहिल्यांदा वीज देताना कपलिंग सोडा आणि मोटर एकटी जॉग करा (हळू फिरवून बघा). ती नीट फिरली की मगच स्क्रूला जोडा. कपलिंग हातोडीने ठोकून बसवू नका, धक्का थेट एन्कोडरच्या काचेच्या चकतीपर्यंत जातो.