हत्ती-प्याद्याचा शेवट: मदत हवी आहे

मंडळी, दादरच्या आमच्या चाळीत बाबा आणि शेजारचे काका रोज संध्याकाळी गॅलरीत बुद्धिबळाचा डाव मांडतात. दोघंही तोडीस तोड. परवा काकांकडे हत्ती-प्यादं उरलं, बाबांकडे नुसता हत्ती. बाबांचा राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती आपल्याकडून तिसऱ्या रांगेत. काकांनी प्यादं त्या रांगेत सरकवताच बाबांनी हत्ती थेट पटाच्या पलीकडच्या टोकाला नेला आणि मागून शहावर शह! काका बराच वेळ बोट प्याद्यावर ठेवून बसले. शेवटी बरोबरी. ही फिलिडोर या अठराव्या शतकातल्या फ्रेंच बुद्धिबळपटूची पद्धत, एवढं कळलं; फार सुंदर वाटली.

पण राजा वाटेतून हटवला गेला, तर कोणत्या बाजूला न्यावा, आखूड (प्याद्यापासून पटाची कड जवळ असते ती) की लांब? आणि का? कृपया पटावरच्या चालींसकट सांगा, बाबांना वाचून दाखवायचंय.