एन्डेव्हर विवराच्या काठावर ऑपर्च्युनिटी: गणेशोत्सवापूर्वी पोहोचेल का, आणि पोहोचून काय हाती लागेल?

लष्कर_आकाशदर्शन
२४ जुलै २०११

सर्वांना नमस्कार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आम्हा काही मराठी कुटुंबांचा आकाशनिरीक्षणाचा लहानसा गट आहे. पावसाळ्यात आकाश दिसत नाही, तेव्हा आम्ही वाचन आणि वादविवाद यांवरच भागवतो. यंदा गणेशोत्सवात, म्हणजे १ सप्टेंबरपासून, मंडळाच्या सभागृहात ऑपर्च्युनिटी या मंगळावरील रोव्हरविषयी प्रदर्शन मांडण्याचा विचार चालू आहे. २५ जानेवारी २००४ रोजी मेरिडियानी पठारावर उतरलेली आणि अवघ्या ९० मंगळदिवसांच्या कामासाठी बनवलेली ही सहाचाकी गाडी अजून चालते आहे. गेल्या आठवड्यात तिने ३२ किलोमीटरचा टप्पा ओलांडला आणि २२ किलोमीटर व्यासाच्या एन्डेव्हर विवराचा काठ आता तिच्यापासून सुमारे एक किलोमीटरवर आहे.

या विषयाला आमच्यातल्याच एका ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप आहे. त्यांचे म्हणणे असे की मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बायटर या यानाच्या कॅमेऱ्याने या काठाची इतकी बारकाईची छायाचित्रे घेतली आहेत की त्यांत एकेक मोठा धोंडासुद्धा ओळखू येतो. मग तिथे जाऊन नवीन ते काय दिसणार? शिवाय परवाच पुढच्या क्युरिऑसिटी रोव्हरसाठी १५४ किलोमीटर व्यासाचे गेल विवर निवडल्याचे जाहीर झाले आहे, तेव्हा लोकांना ही जुनी गाडी शिळी वाटेल असेही ते म्हणतात. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. १ सप्टेंबरपूर्वी रोव्हर काठावर पोहोचण्याचा संभव कितपत आहे? आणि प्रेक्षक केवळ ‘फार मोठा खड्डा’ एवढेच घेऊन घरी जाऊ नयेत, यासाठी फलकांवर नेमके काय सांगावे?

खडकवेडा_शिवपुरी
२४ जुलै २०११

नमस्कार. मी आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवले असल्यामुळे दुसऱ्या प्रश्नाविषयीच बोलतो. तारखांचा हिशेब ठेवणारे इथे इतर जण आहेत.

या गाडीने आजवर पाहिलेली विवरे आठवा. ती उतरली ते ईगल विवर २२ मीटरचे, त्यानंतरचे एन्ड्युरन्स सुमारे १३० मीटरचे आणि २००६ मध्ये गाठलेले व्हिक्टोरिया सुमारे ७५० मीटरचे. आकार वाढत गेला, विवरांच्या भिंतींत थर अधिक खोलपर्यंत पाहता आले, परंतु खडक मूलतः त्याच जातीचा राहिला: सल्फेट क्षारांनी भरलेला, वारा आणि पाणी यांनी रचलेला वालुकाश्म, आणि त्यात हेमॅटाइट या लोहखनिजाच्या मिरीएवढ्या गोळ्या. तिथे एके काळी पाणी होते हे त्यावरून सिद्ध झाले, पण ते पाणी आम्लधर्मी आणि अतिशय खारट होते. साडेसात वर्षे ही गाडी एकाच पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात फिरत आहे असे म्हणायला हरकत नाही.

एन्डेव्हर विवर या थरांहून जुने आहे. आघात आधी झाला, विवर बनले, त्यानंतर कितीतरी काळाने हा सल्फेटयुक्त गाळ साचत गेला आणि त्याने विवराचा काठ बहुतांशी पुरून टाकला. आज पठारावर त्या काठाचे केवळ उंच भाग बेटांसारखे वर आलेले दिसतात. पश्चिम काठावरचे केप यॉर्क हे त्यांपैकीच एक, जेमतेम ७०० मीटर लांब आणि फारसे उंचही नाही. त्याच्या दक्षिणेला केप ट्रिब्युलेशन बरेच उंच आहे. (ही नावे कॅप्टन कुकच्या एन्डेव्हर जहाजाच्या सफरीतून घेतली आहेत.) पठारावरून केप यॉर्कवर चढताना गाडी काही मीटरच वर जाईल, पण खडकांच्या वयाच्या दृष्टीने ती एका युगातून कितीतरी जुन्या युगात शिरेल.

कक्षेतील यानाच्या वर्णपटमापकाला या काठावर लोह व मॅग्नेशियमयुक्त चिकणमातीच्या खनिजांच्या खुणा मिळाल्या असून २००९ मध्ये ते प्रसिद्धही झाले आहे. अशी खनिजे तीव्र आम्लात सहसा तयार होत नाहीत. त्यांना सौम्य, पिण्याजोग्या पाण्याच्या जवळ जाणारी स्थिती लागते. जीवसृष्टीला अनुकूल परिस्थितीचा विचार करणाऱ्यांना या काठाची ओढ आहे ती यासाठी.

आता छायाचित्रांचा आक्षेप. कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर पंचवीस-तीस सेंटिमीटरचा असतो हे खरे, परंतु खनिजे ओळखणाऱ्या उपकरणाचा एक ठिपका सुमारे १८ मीटरचा असतो. तेवढ्या तुकड्यात कुठेतरी चिकणमाती आहे इतकेच वरून कळते. ती एखाद्या थरात आहे, भेगांत भरलेली आहे की आघाताने फुटलेल्या तुकड्यांच्या मधल्या चुऱ्यात आहे, हे खडकाला नाक लावल्याशिवाय समजत नाही, आणि पाणी किती होते व किती काळ टिकले याचा सगळा निवाडा त्यावरच अवलंबून आहे.

ज्यांना हे पटत नसेल त्यांना माझ्याकडे पाठवा. आमच्या शिवपुरी जिल्ह्यातच ढाला येथे सुमारे ११ किलोमीटर व्यासाची, अतिप्राचीन अशी उल्काघाताची रचना आहे. तिचा काठ केव्हाच झिजून गेला आहे आणि मधोमध आघातानंतर साचलेल्या गाळाच्या खडकांचे पठार उभे आहे. तिथे उभे राहिल्यावर विवराचा आकार डोळ्यांना जाणवतसुद्धा नाही. ढाला उल्काघातानेच बनले हे ठरले ते हातोडीने काढलेल्या ग्रॅनाइटी तुकड्यांच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर, त्यांतील क्वार्ट्‌झमध्ये आघाताच्या दाबाने उमटलेल्या समांतर रेषा दिसल्यावर.

मोरार_भ्रमंती
२५ जुलै २०११

खडकवेडा सरांनी मुख्य गोष्ट सांगितलीच आहे. मी रोव्हरची कच्ची छायाचित्रे संकेतस्थळावर आली की पाहते आणि मार्गाच्या नकाशात भर घालत असते, त्यामुळे तारखेविषयी थोडे लिहिते.

१७ जुलैची धाव १२४ मीटरची होती. सपाट, कठीण जमिनीवर ही गाडी एका दिवसात शंभर मीटरच्या पुढे सहज जाते, परंतु रोज धावत नाही. सौरफलकांवरची धूळ, बॅटरीचा साठा, मंगळाभोवती फिरणाऱ्या ओडिसी यानामार्फत माहिती पृथ्वीवर येण्याच्या वेळा, आणि मंगळाचा दिवस आपल्या दिवसाहून सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा असल्यामुळे नियंत्रकांचे सतत सरकणारे वेळापत्रक, या सगळ्यांत आठवड्याला तीन-चार धावा झाल्या तरी पुष्कळ. त्या हिशेबाने ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात काठ गाठला जाईल, असा माझा अंदाज आहे. चाकांनी ऐनवेळी कुरकुर केली तरी गणपतीपर्यंत पुरेसा अवकाश आहे.

व्हिक्टोरियापासूनच्या या प्रवासाची ‘बारा किलोमीटरला तीन वर्षे’ अशी चेष्टा मीही पुष्कळ ऐकली आहे. साडेसात वर्षांत ३२ किलोमीटर म्हणजे आपल्याकडून निघालेली गाडी अजून मुरैन्यालासुद्धा पोहोचलेली नाही, हे मान्य. पण व्हिक्टोरियापासून सरळ रेषेत १२ किलोमीटर असलेले हे अंतर प्रत्यक्षात २० किलोमीटरच्या वर गेले, कारण थेट आग्नेयेच्या वाटेवर वाळूच्या मोठ्या लाटा आहेत. २००५ मध्ये अशाच एका लाटेत ही गाडी कित्येक आठवडे रुतून बसली होती, त्यामुळे या वेळी दक्षिणेला लांबचा वळसा घेऊन मग पूर्वेकडे वळणे नियंत्रकांनी पसंत केले. पुढच्या उजव्या चाकाची मोटर जास्त वीज ओढू लागल्यामुळे बराच प्रवास उलट्या दिशेने, म्हणजे पाठमोऱ्या चालीने झाला आहे. वाटेत २००९ मध्ये ब्लॉक आयलंड ही लोह-निकेलची मोठी उल्का भेटली, आणि गेल्या डिसेंबरपासून मार्चपर्यंत सांता मारिया या सुमारे ९० मीटरच्या विवराजवळ मुक्काम झाला. मंगळ सूर्याच्या पलीकडे गेल्याने संपर्क बंद ठेवावा लागतो ते दिवसही तिथेच सरले. उशीर म्हणण्यापेक्षा मला ही सावधगिरीच वाटते.

फलकांत एक गोष्ट अवश्य घ्यावी. केप यॉर्कवर जिथे पहिले पाऊल पडायचे आहे त्या जागेला ‘स्पिरिट पॉइंट’ असे नाव दिले आहे. स्पिरिट ही हिची जुळी गाडी गुसेव विवरात वाळूत अडकली, मार्च २०१० नंतर तिचा आवाज आला नाही आणि या मे महिन्यात तिला हाका मारणेही थांबवण्यात आले. आमच्या घरी ती बातमी वाचून सगळे गप्प झाले होते. यंत्रासाठी इतके वाईट वाटावे याचे सासूबाईंना नवल वाटले.

निवृत्त_यंत्रज्ञ
२५ जुलै २०११

प्रश्नात उल्लेख झालेला ज्येष्ठ सदस्य तो मीच. ढालाचे उदाहरण मला आवडले, परंतु त्याने माझी शंका उलट वाढवली. ढाला येथे माणूस होता, हातोडी होती आणि प्रयोगशाळा होती. या गाडीचे दुरून खनिजे ओळखणारे अवरक्त उपकरण २००७ च्या धुळीच्या वादळानंतर निकामी झाले आहे. लोहयुक्त खनिजे ओळखणाऱ्या मॉसबाउअर उपकरणातील किरणोत्सारी कोबाल्टचा अर्धायुकाल (निम्मा उरायला लागणारा काळ) सुमारे नऊ महिन्यांचा असल्यामुळे त्याचा स्रोत आता इतका क्षीण झाला आहे की एका मोजणीला बराच काळ लागतो. हाताच्या खांद्याचा एक सांधाही बंद आहे. मग चिकणमाती समोर असली तरी ही गाडी ती ओळखणार कशी? केवळ गाडी तिथे पोहोचली याचा उत्सव करायचा असेल तर माझी हरकत नाही, मात्र प्रदर्शनात ‘चिकणमाती सापडणार’ असे लिहिलेले मला चालणार नाही.

खडकवेडा_शिवपुरी
२६ जुलै २०११

असे लिहूच नये, याबाबतीत मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. खनिजाचे थेट नाव सांगणारे साधन या गाडीपाशी आता जवळजवळ उरलेले नाही. उरले आहेत ते क्ष-किरणांनी मूलद्रव्यांचे प्रमाण मोजणारे उपकरण, खडकाचा पृष्ठभाग खरवडणारे साधन, सूक्ष्मदर्शी कॅमेरा आणि डोलकाठीवरचे रंगीत कॅमेरे. एवढ्यावरून अनुमान बांधावे लागेल. एखाद्या खडकात सिलिका व ॲल्युमिनियम अपेक्षेहून वाढलेले, कॅल्शियम घटलेले, गंधक अगदी कमी, आणि वरून दिसलेली चिकणमातीची खूण त्याच जागेची, असे सगळे जुळून आले तर दावा भक्कम होतो. न जुळल्यास तो होत नाही. क्षेत्रभूगर्भशास्त्र बहुधा याच रीतीने चालत आले आहे, आणि मला हे पाहण्यात जास्त रस आहे की इतक्या तुटपुंज्या साधनांनी ते लोक कुठवर जाऊन थांबतात.

पहिल्या छायाचित्रांत मी स्वतः दोन गोष्टी शोधणार आहे. गाडीच्या चाकाखालच्या फिकट, सपाट फरशा नेमक्या कुठे संपतात आणि त्या काठाच्या जुन्या खडकाला कशा टेकल्या आहेत, ही सीमारेषा पहिली. दुसरी म्हणजे केप यॉर्कवरचे सुमारे वीस मीटरचे ते छोटे विवर. त्याने आतला खडक उपसून बाहेर फेकलेला असणार, म्हणजे आपले खोदकाम आयतेच झालेले आहे.

लष्कर_आकाशदर्शन
२७ जुलै २०११

सर्वांचे आभार. काकांची अट मान्य करून मुख्य फलकाचे शीर्षक ‘काठावरचा जुना खडक’ असे ठेवत आहोत. सभागृहाच्या भिंतीवर एक किलोमीटरला पाच सेंटिमीटर या प्रमाणात वर्तुळे काढायची ठरली आहेत. त्यानुसार एन्डेव्हर ११० सेंटिमीटरचे, ढाला ५५ चे, १.८ किलोमीटरचे आपले लोणार ९ चे आणि व्हिक्टोरिया चारापेक्षाही कमी भरते. गाडी उतरली ते ईगल विवर एक मिलिमीटरचे, म्हणजे पेन्सिलीचा ठिपका होते. ईगलपासून एन्डेव्हरच्या पश्चिम काठापर्यंतच्या मार्गासाठी लाल दोरा वापरणार आहोत.

मोरारच्या ताईंना एक विनंती आहे. सांता मारियानंतरच्या धावांचा आपण केलेला नकाशा आम्हाला वापरू द्यावा, कारण आमच्याजवळचा नकाशा मार्चवरच थांबला आहे.

मोरार_भ्रमंती
२७ जुलै २०११

अवश्य वापरा, आज रात्री पाठवते. फक्त दोरा शेवटच्या खिळ्याला बांधू नका, एखादा हातभर मोकळा ठेवा. उत्सवाच्या दहा दिवसांतही गाडी चालत असेलच, आणि रोजची भर मुलांच्या हातून घालता येईल.