विषय: लेकीला बिझनेस मॅनेजमेंट आणि फायनान्स घ्यायचंय, कुणी सांगेल का?

नमस्कार मंडळी,

एरवी मी या ई-मेल यादीवर नुसती वाचते, आज पहिल्यांदा विचारतेय. लेक बारावीच्या वर्षाला आहे आणि पदवीला बिझनेस मॅनेजमेंट आणि फायनान्स घेणार म्हणते. ह्यांचं मत, की मॅनेजमेंट हा पदवीनंतर शिकायचा विषय, आधी काहीतरी ‘पक्कं’ शिकावं. लेकीला विचारलं, की यात नक्की काय शिकवतात, तर म्हणाली, “शेअर बाजार.” तेव्हापासून मलाही धास्ती वाटतेय. गणित बरं आहे, आवडतं असं नाही.

– एक आई

---

उत्तर १

ताई,

आयुष्य फायनान्स खात्यात गेलं, निवृत्तीनंतर पदवीच्या मुलांच्या शिकवण्या घेतो. म्हणून जरा लांबण लावतोय.

शेअर बाजार अभ्यासक्रमात येतो, पण बऱ्याच उशिरा. पहिलं वर्ष म्हणजे हिशेब, सूक्ष्म-स्थूल अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, थोडा कायदा. निम्मी मुलं हिशेबालाच वैतागतात. नावे-जमा हे कारकुनी काम वाटतं त्यांना. लुका पाचोलीने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात जी दुहेरी नोंद (प्रत्येक व्यवहार एकदा नावे, एकदा जमा) मांडली, तिचाच सांगाडा आजही चालतो. तो अंगवळणी पडला नाही, तर पुढचं सगळं हवेत.

माझं आवडतं उदाहरण देतो. समजा, धंद्याने ७ लाखांचा माल घेतला, पुरवठादाराला ३० दिवसांत पैसे दिले. तोच माल १० लाखांना विकला, पण ९० दिवसांच्या उधारीवर. पगार, भाडं १ लाख, तेही रोख. नफा किती? २ लाख. आता ६०व्या दिवशी गल्ल्यात बघा: ८ लाख बाहेर गेलेत आणि आत छदामही आलेला नाही. नफ्यातला धंदा पगाराला मोताद होतो, तो असा. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक शेजारी ठेवून हे ज्याला दिसतं, त्याला विषय कळला. वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडला की दोन मिनिटं शांतता होते. मग कुणीतरी विचारतं, “मग सर, ते २ लाख आहेत कुठे?” मी त्या प्रश्नाचीच वाट बघत असतो. (ते ‘येणी’, म्हणजे गिऱ्हाइकाकडून यायचे पैसे, या रकान्यात बसलेले असतात.)

दुसऱ्या वर्षी पैशाचं कालमूल्य, म्हणजे आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोलाचा. आज १०० गुंतवले, पुढच्या दोन वर्षांच्या शेवटी ६०-६० मिळणार. १२० आले म्हणून खूश व्हायचं नाही. १० टक्के दराने (तेच पैसे दुसरीकडे लावले असते तर जे सुटलं असतं, तो दर) त्यांची आजची किंमत १०४ च्या आसपास येते, म्हणजे प्रकल्प घ्यावा. तोच दर १४ टक्के धरला तर ९९ सुद्धा भरत नाहीत. आकडेमोड पोरखेळ आहे, भांडण सगळं दर कुठला धरायचा यावर. मार्कोविट्झचा १९५२चा पोर्टफोलिओवरचा (पैसे कशाकशात किती विभागून गुंतवावेत) लेख, मोदिग्लियानी-मिलरचा १९५८चा भांडवल रचनेवरचा (कर्ज किती, मालकांचा पैसा किती), हे पुढे शिकवतात ते त्या दराच्याच शोधात.

म्हणून पदवीच्या नावावर जाऊ नका. बीबीए, बीकॉम, बीएस्सी, काहीही असो, तिन्ही वर्षांची विषयांची यादी मागवा. हिशेबाचे दोनच पेपर आणि बाकी सगळं ‘नेतृत्व’, ‘संवाद’ असेल, तर तुमच्या ह्यांचं म्हणणं मला पटतं. पुढे लेखापालांच्या परीक्षा द्यायच्या असतील, तर कुठल्या पेपरांतून सूट मिळते ते त्या संस्थेकडूनच लेखी घ्या. माहितीपत्रकातल्या ‘मान्यताप्राप्त’ शब्दावर विसंबू नका.

– यादीवरचे हिशेबवाले काका

---

उत्तर २

काकू,

मी हीच पदवी करून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलोय. काकांच्या पाया पडून थोडा वाद घालतो.

मॅनेजमेंटचा अर्धा भाग इतका पाणचट नसतो. १९९७चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मर्टन आणि शोल्स दोघेही एलटीसीएम या अमेरिकी गुंतवणूक फंडात भागीदार होते. १९९८मध्ये तो फंड कोसळला आणि न्यूयॉर्कच्या फेडला (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या तिथल्या शाखेला) मोठ्या बँकांना एकत्र बसवून तो सावरायला लावावा लागला. सूत्रं येत होतीच की त्यांना! कर्ज किती डोक्यावर घ्यायचं, आणि सगळे एकदम विकायला निघाले तर काय, हे प्रश्न माणसांच्या वागण्याचे होते. ते आम्ही संघटन वर्तनाच्या (संस्थेत माणसं कशी वागतात त्या विषयाच्या) तासाला चघळले, फायनान्सच्या नव्हे.

जाच झाला तो गटकामाचा. पाच जणांचा अहवाल, रात्री एकला दोघंच जागे, मार्क पाचांना सारखे. नोकरीत मात्र हेच रोज वाट्याला येतं, त्यामुळे तक्रार अर्धीच. मधलं एक वर्ष कंपनीत काम करायची सोय असेल, तर तो कोर्स आधी धरा. मला मुलाखतीत सगळे प्रश्न त्याच वर्षावर आले.

आणि गणित ‘बरं’ असेल तर चालतं. संख्याशास्त्राचा मात्र कंटाळा नको, रिग्रेशन (एक आकडा दुसऱ्याबरोबर कसा बदलतो ते मोजायची रीत) पदोपदी भेटतं.

– मागच्या बाकावरचा

---

उत्तर ३

काका, तुमची मेल लेकीला वाचायला दिली. ७ लाखांच्या मालाशी अर्धा तास भांडली. मग एका कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घेऊन बसली. रात्री मला हाक मारून दाखवलं: नफा वाढलाय, रोकड घटलीय, येणी फुगलीत. ह्यांनीही चष्मा लावून बघितलं, पण बोलले काहीच नाहीत.

आता तिचा प्रश्न: येणी वाढली ती विक्री वाढल्यामुळे, की गिऱ्हाईक पैसे द्यायला उशीर करतंय म्हणून, हे अहवालात कुठे कळतं? मागे शेकडो टिपा आहेत, सुरुवात कुठून करायची?

– तीच आई

---

उत्तर ४

येणी भागिले वर्षाची विक्री, गुणिले ३६५. हे दोन्ही वर्षांसाठी काढायला सांगा. दिवस वाढले असतील, तर येण्यांची टीप उघडायची आणि मुदत टळलेल्या रकमा बघायच्या. आकडे मला पाठवू दे.

– काका